'मोकळा वेळ, खरेदी' : महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांना खुले पत्र

राजस्थानच्या सहली काढणाऱ्या सर्व कंपन्यांचे चालक आणि त्यांचे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून नाताळापर्यंत तुम्ही आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांना जैसलमेरला घेऊन जाता. वयस्कर माणसांच्या गोळ्या-औषधांची आठवण ठेवता, पहाटे थंडीत आल्याचा चहा देता, रात्री उशिरा पोचलो तरी गरम वरण-भात वाढता. माझ्या आईने आयुष्यात एकदाच महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकले, तेही अशाच एका सहलीमुळे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते तुमच्या कामाबद्दल आदर ठेवूनच लिहिते आहे.

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षे भूगोल शिकवला. पहिल्यांदा राजस्थान पाहिले ते एका कंपनीच्या सहलीतून. जोधपूर सोडल्यावर आमच्या मार्गदर्शकाने माइकवरून सांगितले, 'आता पुढचे चार-पाच तास बघण्यासारखे काही नाही, मंडळी, झोप काढा.' सगळ्यांनी पडदे ओढले. मीही ओढला. त्यानंतर दोन मैत्रिणींना घेऊन मी त्याच रस्त्याने दोनदा गेले, तेव्हा पडदा उघडा होता. पोकरणच्या कुंभारांची वस्ती त्या रस्त्यावर लागते; त्यांच्या मातीकामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रामदेवरा त्याच बाजूला आहे. हिंदू ज्यांना बाबा रामदेव म्हणतात आणि मुसलमान रामसा पीर म्हणतात, त्यांची समाधी तिथे आहे, आणि त्यांच्याच शेजारी त्यांची मेघवाल समाजातली धर्मबहीण डालीबाई हिचीही. आणि जैसलमेर यायच्या जरासे अलीकडे हमीरा गाव येते. तिथल्या साकर खान यांना कमायचा या वाद्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. आमची बस या सगळ्यावरून गेली आणि आत आम्ही चाळीस माणसे झोपलो होतो.

वाळवंट म्हणजे ओसाड, निर्मनुष्य प्रदेश, असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. जैसलमेर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला १७ माणसे राहतात, हे खरेच आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात तोच आकडा सहाशेच्या वर जातो. पण जगातल्या वाळवंटांमध्ये थर हे सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. वर्षाला दोनशे मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो तिथे माणूस शतकानुशतके घर करून कसा राहिला, हा भूगोलाचा खरा प्रश्न होता. तो मी मुलांना कधी विचारला नाही. त्याचे उत्तर मला एका शेताच्या बांधावर मिळाले.

त्या शेताला तिकडे खडीन म्हणतात. जैसलमेरच्या आसपास जमीन सगळीच वाळूची नाही. खडकाळ माळ आहे आणि त्याच्या पायथ्याला सखल, चिकण मातीचा भाग आहे. त्या सखल भागाच्या खालच्या अंगाला लांबच लांब मातीचा बांध घालतात, त्याला सांडवा ठेवतात. पावसाळ्यात दोन-चार सरी येतात. खडकावर पाणी मुरत नाही, ते धावत खाली येते आणि बांधाला अडते. येताना माळावर चरलेल्या जनावरांचे शेणखत आणि गाळही घेऊन येते. शेतापेक्षा कितीतरी पट मोठ्या उतारावरचा पाऊस त्या एका शेतात गोळा होतो. ते पाणी उपसायचे नाही, पंप लावायचा नाही, नुसते जमिनीत जिरू द्यायचे. दिवाळीच्या सुमाराला पाणी ओसरते, माती पाय ठेवण्याजोगी होते आणि तिच्यात गहू, हरभरा पेरतात. त्यानंतर पाण्याचा थेंबही न देता पीक उभे राहते.

मी बांधावर उभी होते आणि तिथला शेतकरी मातीचा गोळा हातात दाबून मला दाखवत होता. तो मारवाडीत काय बोलला ते मला सगळे कळले नाही. कळायची गरजही नव्हती. माझ्या वडिलांनी असाच गोळा दाबून 'वापसा आला' म्हटलेले मी शंभरदा ऐकले आहे. आमच्या मंगळवेढ्याची ज्वारीची कोठारे प्रसिद्ध आहेत, ती ज्वारी अशीच जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. मालदांडी पेरणाऱ्या माणसाला खडीन समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या बसमध्ये सोलापूर, लातूर, बीड, नगरकडची जी माणसे बसलेली असतात त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी कोरडवाहू शेती आहे किंवा कालपरवापर्यंत होती. त्यांना या बांधावर नेऊन पाहा. त्यांना गाइड लागणार नाही.

आणि तुमची सहल जाते दिवाळीत. नेमकी त्याच वेळी खडिनांत पेरणी चाललेली असते.

या खडिनी बांधण्यात पालीवाल ब्राह्मणांचा हात सर्वांत मोठा. हे लोक पालीहून जैसलमेरच्या राज्यात येऊन वसले. शेती, सावकारी, व्यापार सगळे करत. त्यांची चौऱ्याऐंशी गावे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडली, असे सांगतात. दिवाण सालमसिंगाचा जुलूम, वाढते कर, आटत गेलेले पाणी, अशी कारणे दिली जातात आणि त्यांवर अभ्यासकांत मतभेदही आहेत. यांतलेच एक गाव म्हणजे कुलधरा, तुमच्या प्रत्येक पत्रकातले. पत्रकात त्याच्यापुढे लिहिलेले असते 'भुताचे गाव'. आमच्या सहलीत बस थांबली तेव्हा सूर्य मावळत होता आणि मार्गदर्शकाने मुद्दाम आवाज खाली आणून शापाची गोष्ट सांगितली. मुले घाबरली, मोठ्यांनी फोटो काढले, वीस मिनिटांत आम्ही बसमध्ये होतो. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या आम्हाला कुणी दाखवल्या नाहीत. एवढ्या कमी पावसात या माणसांच्या घरात धान्याची सुबत्ता कुठून आली, हे कुणी विचारले नाही. त्यांनी बांधलेल्या कित्येक खडिनी आज दुसऱ्या समाजांचे शेतकरी कसतात. बांधणारे गेले, बांध पिकतो आहे. माझी कळकळीची विनंती आहे, ती भुताची गोष्ट बंद करा. घरदार सोडून जावे लागलेल्या माणसांच्या गावात आपण उभे असतो. माझ्या तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्यांची कुलपे लागलेली घरे मी पाहिली आहेत; त्या घरांना कुणी भुताची घरे म्हटले तर मला काय वाटेल?

पाण्याबद्दल अजून थोडे लिहिते, कारण तिथली माणसे पाण्याबद्दल जसे बोलतात तसे मी कुठे ऐकले नव्हते. त्यांच्याकडे पाण्याला तीन नावे आहेत. पावसाचे, तळ्यात किंवा टाक्यात साठवलेले ते पालर पाणी. खोल विहिरीतले ते पाताल पाणी, बहुतेकदा खारे. आणि तिसरे रेजाणी पाणी. काही भागांत वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे खडूसारख्या मातीचा, किंवा जिप्समचा थर असतो. पाऊस वाळूत मुरतो, पण त्या थरामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूच्या कणाकणांत ओल होऊन अडकून राहतो. तिथे माणूस जेमतेम बसू शकेल एवढ्या रुंदीची अरुंद कुंई खणतात. तिच्या भिंतीतून ती ओल थेंबाथेंबाने तळाशी जमा होते. दिवसाला काही घागरी, बस. पण गोड पाणी.

रामगढच्या बाजूला एका ढाणीवर, म्हणजे आपल्याकडच्या वस्तीवर, आम्ही अशी कुंई पाहिली. तोंडावर लाकडी झाकण होते. घरच्या सासूबाईंनी झाकण काढले, चामड्याची छोटी चडस खाली सोडली आणि वर आलेले पाणी आधी फडक्यातून गाळून पितळी लोट्यात घेतले. 'बाईसा, पीओ,' म्हणाल्या. मी अर्धा लोटा प्याले आणि उरलेले पाणी आपल्या सवयीने बाजूला ओतायला हात वळवला. त्यांनी माझे मनगट धरले. रागाने नाही. लोटा घेतला आणि उरलेले पाणी दारातल्या शेळीच्या भांड्यात घातले. मी टँकरच्या गावातली आहे, पाण्याचे मोल मला ठाऊक आहे असे समजत होते.

म्हणूनच किल्ल्याबद्दल एक गोष्ट तुमच्या कानावर घालायलाच हवी. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला अजून वसता आहे, आत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा यादीत गेला. ज्या टेकडीवर तो आहे तिच्यात मऊ, पाण्याने फुगणारे थर आहेत. गडीसर तळ्यावरून डोक्यावर घागर आणून पाणी वापरले जात होते तोवर त्या टेकडीला धोका नव्हता. आता आत हॉटेले झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि संडास आला, सांडपाणी जमिनीत मुरू लागले आणि बुरूज ढासळू लागले. 'किल्ल्यात मुक्काम' ही तुमच्या पत्रकातली ठळक ओळ असते. ती काढून टाका आणि खाली शहरात राहा. किल्ला दिवसा पायी बघता येतो. आतल्या जैन मंदिरांत ताडपत्रावरच्या हस्तलिखितांचा जुना ज्ञानभांडार आहे, त्यासाठी वेळ ठेवा.

आता ओरणाविषयी. आपल्याकडे देवराई असते आणि गायरान असते. ओरण म्हणजे हे दोन्ही एकत्र समजा. देवाच्या किंवा देवीच्या नावाने सोडलेली जमीन, जिथे कुऱ्हाड चालत नाही, हिरवी फांदी तोडत नाहीत, पण गावाची गुरे, शेळ्या-मेंढ्या, उंट मात्र चरतात. जैसलमेरजवळचे देगराय मातेचे ओरण हजारो बिघ्यांचे आहे. त्यात जाळ नावाची झाडे आहेत, केर नावाची झुडपे आहेत, बोरी आहेत, सेवण गवत आहे आणि खेजडी आहे. खेजडी म्हणजे आपली शमी, सौंदड. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तिच्या शेंगा तिथे सांगरी म्हणून वाळवून वर्षभर भाजीला वापरतात. हॉटेलच्या बुफेत केर-सांगरी तुम्ही वाढता, ती कोणत्या झाडाची ते पाहुण्यांना एकदा सांगा. जोधपूरजवळ खेजडली गावात १७३० साली ही झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून त्यांना मिठ्या मारून ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. ते गाव जोधपूरपासून फार लांब नाही. सहलींच्या यादीत ते मला अजून दिसलेले नाही.

सरकारी दप्तरात पुष्कळशी ओरणे पडीक म्हणून नोंदलेली आहेत आणि पडीक म्हटले की ती सौरऊर्जेला, पवनचक्क्यांना देणे सोपे होते. विजेची गरज मला कळते. माझ्या घरावरही सोलर आहे. पण ज्या जमिनीत एका समाजाने कित्येक पिढ्या एक फांदी मोडू दिली नाही तिला रिकामी कसे म्हणायचे? ओरणे वाचवण्यासाठी तिथले लोक पायी मोर्चे काढतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवराया मोजून त्यांची वन म्हणून नोंद करायला सांगितले आहे. ते काम लोकांच्या डोळ्यांसमोर राहायला हवे. आपल्यासारखे बाहेरून येणारे लोक ओरण बघायला थांबले, त्याचे नाव विचारले, तर त्या माणसांच्या म्हणण्याला बळ मिळते. हे मी गृहीत धरून लिहीत नाही. एका उंटपाळाने मला हेच स्पष्ट शब्दांत सांगितले, 'आप लोग पूछोगे तो कागज़ में नाम चढ़ेगा.' देशातले उंट २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आले, आधीच्या गणनेपेक्षा सदतीस टक्क्यांनी कमी. सम गावाजवळच्या वाळूवर पाहुण्यांना फिरवणारा उंट आपल्याला दिसतो. त्याला चरायला काय उरले आहे, हे मात्र दिसत नाही.

माळढोक हा माझ्या मनाचा हळवा कोपरा आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झाले. मी शाळेच्या मुलांना घेऊन तिथे गेले आहे आणि काळवीट बघून परत आले आहे. माळढोक आम्हाला दिसला नाही, आणि आता दिसेल अशी आशाही फारशी नाही. तोच पक्षी तिकडे गोडावण आहे, राजस्थानचा राज्यपक्षी. जगात त्याची संख्या आता दीडशेच्याही आत असल्याचे मानतात आणि उरलेल्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी. अंगाने जड, समोरचे नीट पाहू न शकणारा, त्यामुळे उच्चदाबाच्या तारांवर आदळून मरतो. जानेवारीतल्या एका सकाळी, राष्ट्रीय मरू उद्यानाच्या कडेला, आमच्या जीपवाल्याने इंजिन बंद केले आणि बोट दाखवले. सेवणच्या गवतात एक उंच मान हलली. मग दुसरी. दोन मिनिटे असतील. मी रडले. आमच्या जिल्ह्यातून गेलेले माणूस परक्या गावात भेटावे तसे झाले. दूरच राहावे, गाडी रस्ता सोडून नेऊ नये, एवढे पाहुण्यांना बजावले की पुरे.

आणि गाणे. समच्या तंबूत रात्री शेकोटीभोवती जो कार्यक्रम असतो, त्यात गाणारे बहुधा मांगणियार समाजाचे असतात. धर्माने मुसलमान, त्यांचे जजमान, म्हणजे पिढीजात आश्रयदाते, मुख्यतः राजपूत आणि इतर हिंदू घराणी. जजमानाच्या घरी मूल जन्मले की गायचे, लग्नात गायचे, मरणातही गायचे. घराण्याची वंशावळ पाठ ठेवायची. आपल्याकडे हेळवी येऊन सात पिढ्यांची नावे सांगतो, त्याला गाण्याची जोड दिली तर कल्पना येईल. लंगा हे त्यांच्याच शेजारचे. त्यांचे जजमान सिंधी मुसलमान आणि त्यांचे वाद्य सिंधी सारंगी. मांगणियारांचा कमायचा मी एका अंगणात हात लावून पाहिला. एका लाकडातून कोरलेले घमेल्यासारखे गोल पोट, त्यावर बकरीचे ताणलेले कातडे, आतड्याच्या जाड ताती, खाली धातूच्या बारीक तारा, घोड्याच्या केसांचा लांब गज. वाजवणारे आजोबा आधी कृष्णाचे नाव घेऊन, मग डोळे मिटून वाजवू लागले. आवाज घोगरा, ओलसर. पाठीमागे त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू खडताल घेऊन बसला होता. आजोबांनी नुसती मान हलवली की तो थांबायचा. घरातल्या बायका पडद्याआडून ओळ उचलत होत्या. त्याही गातात, त्यांना शेकडो गाणी येतात. आपल्या कार्यक्रमांत त्या कधी दिसत नाहीत.

हेच आजोबा तंबूत काय वाजवतात, मी विचारले. कमायचा नेतच नाही, म्हणाले. तिथे माइकवर हार्मोनियम आणि ढोलक लागते, एकाच प्रसिद्ध गाण्याची फर्माईश होते, नंतर सिनेमाची गाणी, नंतर पाहुण्यांबरोबर नाच. आमच्या पहिल्या सहलीत त्या कलावंतांना आम्ही जेवत असताना जनरेटरमागे थांबवून ठेवले होते. पैसे तंबूवाल्याकडून किती मिळतात ते मी विचारले, त्यांनी सांगितले. तो आकडा इथे लिहायची मला लाज वाटते. तुम्ही थेट ठरवा. त्यांच्या अंगणात, दिवसाउजेडी, तीसच माणसे, माइक नाही, आणि काय गायचे ते त्यांनी ठरवायचे. मानधन आधी हातात. या कलेची माणसे लोकांसमोर आणण्यासाठी लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी आयुष्य घातले. जोधपूरजवळ त्यांच्या कल्पनेतून उभे राहिलेले अरणा-झरणा संग्रहालय आहे, तिथे राजस्थानभरचे झाडू मांडलेले आहेत. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या बायका बसमधून उतरून ते पाहतील तेव्हा तिथल्या माणसांशी त्यांना काय काय बोलायचे असेल! तसेच बाडमेरकडे मेघवाल बायका शिवतात त्या रल्ल्या. ठिगळावर ठिगळ, धावदोऱ्याच्या ओळी. आपल्या गोधडीची सख्खी बहीण. १९७१ च्या युद्धानंतर सिंधच्या थरपारकरमधून आलेल्या कुटुंबांनी ही कला इकडे वाढवली. दुकानातून घेण्यापेक्षा शिवणारीच्या हातून घेतलेली बरी.

मला ठाऊक आहे, तुमचे गणित वेळेचे आणि खोल्यांचे असते. चाळीस जणांची बस ढाणीवर नेता येणार नाही, नेऊही नये. दोन-तीन जीप करून वेगवेगळ्या गावी जावे लागेल. खाणे त्यांच्या हातचे घ्यावे लागेल: बाजरीचा सोगरा, वर तूप, ताक, सांगरी. डाव्या हाताने ताट झाकले तरी वाढत राहतात, त्याला मनुहार म्हणतात. आपल्या आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या माणसांना ते जड जाणार नाही. खर्च थोडा वाढेल. माझ्यासारखे निवृत्त लोक तो आनंदाने देतील, मी माझ्या भिशीतल्या अकरा जणींना विचारूनच हे लिहिते आहे.

पुढच्या हंगामाची पत्रके तुम्ही उन्हाळ्यातच छापायला घेता, म्हणून आत्ता लिहिले. माझ्या समोर गेल्या वर्षीची चार वेगवेगळ्या कंपन्यांची पत्रके आहेत. चारही पत्रकांत जैसलमेरच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या रकान्यात एकच ओळ आहे: 'मोकळा वेळ, खरेदी.' तेवढी एक सकाळ मला द्या. गावांची नावे, तिथे कुणाला आधी विचारावे, कोणत्या महिन्यात कुठे पेरणी आणि कुठे कापणी असते, हे सगळे मी वहीत लिहून ठेवले आहे. जी कंपनी मागेल तिला ती वही पाठवीन, आणि पहिल्या जीपमध्ये बसायला मी स्वतः तयार आहे.

आपली नम्र,
मंगळवेढा तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका